रबाळ्यातील स्फोट-सुरक्षा वर्ग: पहिल्या दिवसासाठी जावे असा

रबाळे एमआयडीसीतील एका खासगी प्रशिक्षण केंद्रात ज्वलनशील वायू आणि धूळ यांच्या स्फोटांवर दोन दिवसांचा वर्ग भरतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात आमच्या कारखान्यातील चौघांसह मी या वर्गाला बसलो. आमच्याकडे मक्याचा स्टार्च, पिठीसाखर आणि दूध पावडर यांची मिश्रणे करून पोत्यांत भरली जातात. सुरक्षेची जबाबदारी माझ्याकडे असल्याने माणशी ४,५०० रुपये शुल्क मंजूर करून घेताना या वर्गाचा आपल्याला उपयोग काय, हे मलाच व्यवस्थापनाला लेखी द्यावे लागले होते. तो उपयोग प्रत्यक्षात कितपत झाला, ते येथे लिहीत आहे. काही उणिवाही सांगायच्या असल्यामुळे केंद्राचे नाव टाळले आहे.

माहितीपत्रकावर ‘कारखान्यांसाठी’ असे ठळक अक्षरांत छापलेले असताना पहिला दिवस जवळजवळ पूर्णपणे जमिनीखालच्या कोळसा खाणींवर गेला. प्रशिक्षक वणी-चंद्रपूर पट्ट्यातील भूमिगत खाणींत वायुवीजन अधिकारी म्हणून काम करून निवृत्त झालेले गृहस्थ होते. पहिल्याच तासाला त्यांनी फळ्यावर खाणीतील गॅलरीचा, म्हणजे कोळशातून काढलेल्या बोगद्याचा, उभा छेद काढायला घेतला, तेव्हा आमच्या स्टोअरमधील ज्येष्ठ सहकाऱ्यांनी माझ्याकडे झुकून ‘साहेब, आपण चुकीच्या वर्गात तर बसलो नाही ना?’ असे विचारले. चहाच्या सुट्टीपर्यंत माझ्याही मनात तीच शंका होती. जेवणाच्या सुट्टीत मात्र तेच सहकारी पानावर बसून आमच्या पॅकिंग विभागातील केबल ट्रेवर किती पीठ साचले असेल, याचा हिशेब करत होते, आणि या वर्गाबद्दलचे माझे मत तिथेच बदलले.

सुरुवात मिथेनपासून झाली. कोळसा बनत असतानाच त्याच्या थरांत मिथेन तयार होतो व दाबाखाली कोंडून राहतो. कोळसा फोडला, वरचा भार हलला किंवा थराला भेग गेली की तो सुटू लागतो. हवेत त्याचे प्रमाण ५ ते १५ टक्के असेल तर मिश्रण स्फोटक असते आणि साडेनऊ टक्क्यांच्या आसपास स्फोट सर्वांत जोरदार होतो. हे आकडे कोणत्याही पुस्तकात मिळतील. प्रशिक्षकांनी त्यापुढे जाऊन जे समजावले ते अधिक मोलाचे होते. १५ टक्क्यांच्या वर गेलेले मिश्रण पेट घेत नाही म्हणून ते निर्धोक मानण्याची चूक अनुभवी माणसेही करतात; पण अशा वायूच्या कडेला जिथे ताजी हवा मिसळते तिथे स्फोटक पट्टा असतोच, आणि बंद पडलेला पंखा घाईने पुन्हा सुरू केला की सगळा साठा पातळ होत होत त्याच ५ ते १५ टक्क्यांच्या पट्ट्यातून जातो. त्या क्षणी वाटेत एखादी सदोष केबल असेल तर पंखा सुरू करणे हेच स्फोटाचे निमित्त ठरते.

मिथेन हवेपेक्षा बराच हलका, हवेच्या निम्म्याहून थोडा अधिक वजनाचा. हवेचा वेग मंद असला की तो छताखाली पातळ थर धरून पसरतो. छातीच्या उंचीवर उपकरण धरून ‘गॅस नाही’ अशी नोंद करणारा माणूस खोटे बोलत नसतो, त्याच्या डोक्यावर हातभर अंतरावर मात्र वेगळीच हवा असते. हा थर का जमतो, याची कारणे सांगताना प्रशिक्षक खऱ्या अर्थाने रंगले. कोळशाचे तोंड, म्हणजे तो फोडण्याची जागा, पुढे सरकते आणि हवा नेणारी नळी मागेच राहते. हवेचा मार्ग वळवण्यासाठी घातलेल्या आडभिंतीला कोणीतरी ये-जा सोपी व्हावी म्हणून भोक पाडतो. दोन पाळ्यांच्या मध्ये सहायक पंखा बंद ठेवला जातो. यांतले एकही कारण निसर्गाने घडवलेले नाही, असे ते म्हणाले नाहीत, पण उदाहरणे निवडली होती ती सगळी माणसाच्या हातची.

निसर्गाचा भाग गोफच्या चर्चेत आला. कोळसा काढून झाल्यावर मागे सोडलेल्या, छत कोसळू दिलेल्या पोकळीला खाणीत गोफ म्हणतात. तिथे मिथेन साठत राहतो आणि छताचा मोठा भाग एकदम खाली आला की भात्यातून निघावा तसा कामाच्या जागेत ढकलला जातो. हवेचा दाब उतरला तरी हेच संथपणे घडते, आणि वादळी दिवसांत बंद केलेले जुने भागही भेगांतून वायू बाहेर सोडू लागतात. बाहेर ठाण्याच्या बाजूने आभाळ भरून आले होते. ‘आज खाणीत असतो तर सकाळी आधी बॅरोमीटर बघितला असता,’ असे म्हणून त्यांनी खिडकीकडे पाहिले, आणि वर्गातील निम्मी माणसे नकळत बाहेर पाहू लागली.

हे सगळे आमच्यासारख्यांना कशाला, याचे उत्तर त्यांनी एका वाक्यात दिले: ठाणे आणि नवी मुंबईतील कारखान्यांना नळाने मिळणारा गॅस हा मुख्यतः मिथेनच असतो. आमच्या ड्रायरचा बर्नर त्यावरच चालतो. फरक इतकाच की नळाच्या गॅसमध्ये मुद्दाम वास मिसळलेला असतो, खाणीतल्या मिथेनला वास नसतो. शेडच्या पत्र्याखाली, जिथे वायुवीजनाची झडप गंजून बंद झालेली आहे, तिथे गळती झाली तर तो कुठे जमेल, हे आमच्या फिटरने कोणी न विचारताच सांगितले.

नियमांचा भाग थोडक्यात पण नेमका झाला. कोल माइन्स रेग्युलेशन्स, २०१७ नुसार हवेत ज्वलनशील वायू १.२५ टक्क्यांपर्यंत पोहोचला की वीज तोडून माणसे बाहेर काढावी लागतात, म्हणजे स्फोटाच्या खालच्या मर्यादेच्या चौथाईवरच काम थांबते. वायूच्या प्रमाणानुसार थरांचे पहिली, दुसरी आणि तिसरी डिग्री असे वर्गीकरण होते. पहिल्या डिग्रीत दर टन कोळशामागे सुटणारा वायू १ घनमीटरपेक्षा जास्त नसतो, तिसऱ्या डिग्रीत तो १० घनमीटरच्या वर जातो. पहिल्या डिग्रीची खाण म्हटली की माणसे सैल वागतात, अशी त्यांची तक्रार होती, आणि तिथून वर्ग धुळीकडे वळला.

मधल्या वेळेत ठिणगीवर एक छोटे सत्र झाले. प्रशिक्षकांनी विजेच्या तारा जोडण्याची एक वापरलेली ज्वालारोधक जंक्शन बॉक्स टेबलावर ठेवली आणि ती हातोहात फिरवली. अशा पेटीत वायू शिरणारच नाही असा आमच्यापैकी बहुतेकांचा समज होता. प्रत्यक्षात वायू आत शिरू शकतो, आत स्फोटही होऊ शकतो, हे गृहीत धरूनच ती पेटी बनवलेली असते. तिच्या झाकणाच्या सपाट कडांमधील फट इतकी अरुंद ठेवलेली असते की बाहेर पडता पडता ज्योत धातूला उष्णता देऊन विझते. इंग्रज शास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीने १८१५ मध्ये खाणीतील दिव्याभोवती तारेची जाळी लावली, तिच्यामागचे तत्त्वही हेच. टेबलावरच्या पेटीचा एक बोल्ट मुद्दाम काढलेला होता. झाकण हाताला घट्ट लागत होते, तरी तेवढ्यानेच ती पेटी कुचकामी झाली होती. आमच्या इलेक्ट्रिशियनने ती पेटी पुढच्या माणसाकडे द्यायला बराच वेळ लावला. घर्षणाची ठिणगी, फसलेला सुरुंग, गोफमध्ये आपोआप तापत जाणारा कोळसा आणि झडती चुकवून खाली नेलेली विडी-काडी ही बाकीची कारणे त्यांनी भराभर उरकली. आपोआप तापणाऱ्या कोळशाला अधिक वेळ द्यायला हवा होता, कारण ड्रायरच्या कोपऱ्यात चिकटून राहिलेली दूध पावडरही अशीच स्वतःहून तापून धुमसू शकते, आणि हा आमच्या नेमक्या कामाचा मुद्दा होता.

दुपारनंतरचे धुळीचे सत्र हा या वर्गाचा गाभा आहे, आणि केवळ त्यासाठी मी कोणालाही तिथे जायला सांगेन.

१० मार्च १९०६ रोजी फ्रान्समधील कूरिएर खाणीत स्फोट होऊन १,०९९ माणसे गेली. या खाणीत वायूचा त्रास फारसा नाही असे मानले जात होते आणि अनेक कामगार उघड्या ज्योतीचे दिवे वापरत असत. पहिली ठिणगी कुठे पडली ते शेवटपर्यंत निश्चित झाले नाही, पण एकमेकांना जोडलेल्या बोगद्यांतून आग मैलोगणती कशाच्या जोरावर धावली ते स्पष्ट झाले: कोळशाची भुकटी. त्याआधी बासष्ट वर्षे, १८४४ मध्ये इंग्लंडमधील हॅसवेल खाणीत ९५ माणसे गेली तेव्हा चौकशीला गेलेल्या शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे आणि भूशास्त्रज्ञ चार्ल्स लायल यांनी धुळीचा वाटा नोंदवून ठेवला होता, तरीही वायूशिवाय नुसती धूळ पेटत नाही हा समज खाणवाल्यांत पुढची अनेक दशके टिकला. आपल्याकडे २८ मे १९६५ रोजी धोरी खाणीत, म्हणजे आजच्या झारखंडमध्ये, २६८ माणसे मृत्युमुखी पडली, तो स्फोटही धुळीचाच. त्याआधी १९ फेब्रुवारी १९५८ रोजी आसनसोलजवळच्या चिनाकुडी खाणीत वायूच्या स्फोटात सुमारे १७५ जणांचा बळी गेला होता. हे दोन्ही आकडे प्रशिक्षकांनी फळ्यावर शेजारी शेजारी लिहिले आणि दिवसभर पुसले नाहीत.

त्यानंतरचे स्पष्टीकरण मी वहीत जवळजवळ शब्दशः उतरवले. दगडी कोळशाची बारीक धूळ स्फोटक होण्यासाठी दर घनमीटर हवेत साधारण ५० ग्रॅम असावी लागते. ऐकायला हा आकडा किरकोळ वाटतो, पण ४० ग्रॅमच्या ढगातूनही दोन मीटरवरचा २५ वॅटचा दिवा दिसत नाही. एवढ्या दाट हवेत कोणीच काम करू शकत नाही, त्यामुळे धोका हवेतल्या धुळीत शोधणारा माणूस तिथे काही सापडले नाही म्हणून निश्चिंत होतो. धोका खाली, कडेला आणि वर बसलेला असतो. मिथेनचा लहानसा स्फोट झाला की त्याचा दाबाचा धक्का ज्योतीच्या पुढे धावतो, भिंतीवरची, आधाराच्या खांबांवरची आणि वाहक पट्ट्याखालची धूळ उडवून ढग तयार करतो, आणि मागून येणाऱ्या ज्योतीला ताजे इंधन मिळते. ती पेटली की पुढचा धक्का आणखी मोठा. वायूचा पहिला स्फोट एका गॅलरीत संपला असता. धुळीमुळे तो खाणभर फिरतो. हवेत थोडा मिथेन असला तर धूळ पेटायला आणखी कमी प्रमाण पुरते.

मग त्यांनी आम्हाला वह्या काढून गणित करायला लावले. धुळीचा एक मिलिमीटर थर, घनता दर घनमीटरला ५०० किलो धरली, तर प्रत्येक चौरस मीटरवर ५०० ग्रॅम धूळ. खोलीची उंची पाच मीटर असेल आणि सगळा थर उडाला, तर ढग दर घनमीटरला १०० ग्रॅमचा. हे उत्तर आल्यावर वर्गात कोणी काही बोलले नाही. आमचे स्टोअरवाले सहकारी नंतर म्हणाले की एक मिलिमीटर म्हणजे त्यांच्या दृष्टीने ‘झाडून घेतलेली’ जमीन.

खाणीत यावर उपाय म्हणून दगडाची, बहुधा चुनखडीची भुकटी मारतात. ती कोळशाच्या धुळीबरोबर उडते आणि उष्णता शोषून ज्योत मारते. भारतीय नियमांत कोळशातील उडून जाणाऱ्या घटकांच्या प्रमाणानुसार रस्त्यावरील धुळीत न जळणारा भाग ७५ किंवा ८५ टक्के ठेवावा लागतो. म्हणजे धुळीत धूळ मिसळून ती निकामी करायची. अन्नपदार्थांच्या कारखान्यात हा मार्ग बंद आहे, हे प्रशिक्षकांनी स्वतःच सांगून टाकले आणि आमच्या हाती फक्त साफसफाई उरते याची कबुली दिली. त्यातही हवेच्या पाइपने फुंकून साफ करणे म्हणजे पहिल्या धक्क्याचे काम आपणच करणे. आमच्याकडे दर शनिवारी नेमके तेच होत असे.

७ फेब्रुवारी २००८ रोजी अमेरिकेत जॉर्जिया राज्यातील पोर्ट वेंटवर्थच्या साखर कारखान्यात काय झाले, हे त्यांनी सर्वांत शेवटी सांगितले. साखरेच्या सायलोंखालचा (साठवणुकीच्या उंच टाक्यांखालचा) वाहक पट्टा पत्र्याने झाकून घेतला होता, त्यामुळे आत साचणारी धूळ स्फोटक प्रमाणापर्यंत पोहोचली, आणि बहुधा तापलेल्या बेअरिंगने ती पेटली. पहिल्या स्फोटाने हादरलेल्या इमारतींतील तुळयांवरची, मजल्यांवरची साखर उडाली आणि स्फोटांची रांग पॅकिंगच्या इमारतींतून पुढे गेली. १४ माणसे गेली. कूरिएर, धोरी आणि हा कारखाना यांची साखळी फळ्यावर एकाच रेषेत आल्यावर सकाळी काढलेल्या त्या गॅलरीच्या चित्राचे प्रयोजन सर्वांना कळले. ही मांडणी विचारपूर्वक केलेली होती, आणि तिचे श्रेय पूर्णपणे त्या एका प्रशिक्षकांना आहे.

स्फोटानंतरच्या विषारी वायूंवर जेमतेम पंधरा मिनिटे मिळाली. २६ एप्रिल १९४२ रोजी जपानच्या ताब्यातील मांचुरियात बेन्शीहू खाणीत १,५४९ माणसे गेली, त्यांतील बहुतेकांचा जीव भाजून नव्हे तर कार्बन मोनॉक्साइडने गेला, कारण आग आवरण्यासाठी आत जाणारी हवा बंद करण्यात आली होती. एवढी एक घटना सांगून हा विषय संपला. आपत्कालीन स्थितीत कारखान्यातील एक्झॉस्ट पंखे सुरू ठेवायचे की बंद, हा माझा प्रश्न अनुत्तरित राहिला.

दुसरा दिवस निराशाजनक होता. सकाळचे सत्र वायूमापक उपकरणांचे, आणि ते घ्यायला आलेले तरुण गृहस्थ उघडपणे विक्री प्रतिनिधी होते. त्यांनी किंमतपत्रके वाटली, पण पडद्यावर दिसणारा आकडा हवेतील वायूचे प्रमाण नसून स्फोटाच्या खालच्या मर्यादेची टक्केवारी असते, हा मूळ मुद्दा सांगितला नाही. उपकरण २५ दाखवत असेल तर हवेत मिथेन १.२५ टक्के असतो, म्हणजे खाण रिकामी करण्याची पातळी. आमच्या फिटरने २५ हा आकडा आतापर्यंत शंभरातले पंचवीस म्हणून वाचला होता, आणि ते सत्र संपेपर्यंत तसाच वाचत राहिला. उष्णतेवर चालणाऱ्या सेन्सरला सिलिकॉनच्या फवाऱ्याने बाधा येते आणि तो वायू असूनही शून्य दाखवतो, तसेच वायू फारच दाट आणि ऑक्सिजन कमी झाला तर आकडा उलट उतरतो, या दोन्ही गोष्टी मला चहाच्या वेळी खाणीतल्या प्रशिक्षकांकडून कळल्या. आमच्या देखभाल विभागात सिलिकॉन स्प्रेचे डबे उपकरणांच्याच कपाटात ठेवलेले असतात.

दुपारी स्वतःच्या कारखान्यातील धुळीची तपासणी कशी करून घ्यावी, हे सांगतील अशी अपेक्षा होती. वीस लिटरच्या गोल पात्रात धूळ पेटवून तिचा जोर मोजण्याची चाचणी, स्फोटाचा दाब बाहेर सोडणारी पटले, साठलेल्या थराची चालण्याजोगी मर्यादा, यांपैकी कशाचाही उल्लेख झाला नाही. अमेरिकी अग्निसुरक्षा मानकांत वापरली गेलेली कसोटी तरी सांगता आली असती: साधारण ०.८ मिलिमीटरपेक्षा जाड थर मजल्याच्या ५ टक्के क्षेत्रावर पसरला की साफसफाई ताबडतोब. त्याऐवजी अग्निशामक उपकरणांच्या प्रकारांची, प्रत्येकाने आधी चारदा ऐकलेली माहिती पुन्हा मिळाली आणि वीस प्रश्नांची परीक्षा झाली, जिच्यात सगळे उत्तीर्ण झाले.

छापील टिपणे पूर्णपणे इंग्रजीत आहेत, ही मला सर्वांत खटकलेली गोष्ट. वर्गात बसलेल्यांपैकी बहुतेक जण मराठी किंवा हिंदीत विचार करणारे ऑपरेटर आणि फिटर होते, आणि प्रशिक्षकांचे सगळे बोलणेही मराठीतच झाले. तीच भाषा कागदावर उतरवायला या केंद्राला कोणी अडवले आहे, हे समजत नाही.

बाकीची व्यवस्था ठीक आहे. रबाळे स्थानकापासून पायी पोहोचता येते, त्यामुळे ठाण्याहून ट्रान्स-हार्बर मार्गाच्या लोकलने जाणे गाडीने जाण्यापेक्षा सोयीचे. खोलीत वातानुकूलन इतके थंड होते की दोघे जण रेनकोट घालून बसले. जेवण साधे, गरम आणि पोटभर.

शुल्काचा विचार करता पहिल्या दिवसाची किंमत वसूल होते. एकाच दिवसाची नोंदणी स्वीकाराल का, असे मी कार्यालयात विचारले, तर ‘तसे नाही करता येत’ एवढेच उत्तर मिळाले. नाव नोंदवण्यापूर्वी त्या बॅचला खाणीतले प्रशिक्षक येणार आहेत का, हे फोन करून विचारून घ्यावे, कारण ते महिन्यातून एकदाच चंद्रपूरहून येतात आणि इतर वेळी त्यांचे सत्र दुसरे कोणी घेते. ऑगस्टच्या बॅचसाठी मी पॅकिंग विभागातील दोन पर्यवेक्षकांची नावे दिली आहेत. दुसऱ्या दिवशी दुपारी परीक्षा देऊन त्यांनी थेट कारखान्यात यावे आणि केबल ट्रेचे पहिले मोजमाप करावे, असे त्यांना सांगून ठेवले आहे.